डावा गाल

टचबाईंचं खरं नाव गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्यांना सुखदुःखही नव्हतं. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांना टचिंग केलं, म्हणून त्या टचबाई. कोणाच्या गालावरचे देवीचे व्रण, कोणाच्या कपाळावरच्या आठ्या, कोणाचा किंचित तिरळा डोळा. माणसाला आरशात जे खुपायचं ते बाई फोटोतून काढून टाकायच्या. त्या भागात घराघरांतल्या भिंतींवर जी माणसं टांगलेली होती, तितकी देखणी ती जन्मात कधी नव्हती. करणी बाईंची आणि नाव स्टुडिओचं, पण बाईंनी त्याची कधी कुरकुर केली नाही.

स्टुडिओ बंद होऊन सहा वर्षं झाली होती. थोरले मालक गेल्यावर धाकल्या मालकांनी त्याच जागेत कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, आणि हौस म्हणून एक मासिकही काढलं, घरी नवा नवा कॉम्प्युटर घेतलेल्या साध्या माणसांसाठी. एके दिवशी ते स्वतः तीन जिने चढून, धापा टाकत बाईंच्या दारात उभे राहिले. हातात एक चकचकीत खोकं होतं.

"बाई, हा बघा. चित्रं काढायचा आणि फोटो सुधारायचा प्रोग्राम. घरच्या कॉम्प्युटरवर चालतो. तुमच्याकडे भाचीचा जुना कॉम्प्युटर आहे ना?"

"आहे की. त्याच्यावर मी दुपारी पत्ते खेळते."

"आता हे खेळा. महिनाभर वापरून बघा आणि आमच्यासाठी लिहा. सोपा आहे का, ब्रश कसा आहे, रंग कसे आहेत, दहापैकी किती गुण द्याल. आमचे परीक्षक जे लिहितात ते त्यांचं त्यांनाच कळतं. मला कामात हात काळे केलेल्या माणसाचं मत हवंय."

"मला कुठलं लिहिता येतंय, धाकले मालक?"

"बोलता तसं लिहा. चुकलं माकलं आम्ही नीट करू."

"म्हणजे आता माझंच टचिंग," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. पण त्यांना आतून गुदगुल्या झाल्या होत्या. सहा वर्षांत कोणी त्यांचं मत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई जेवण उरकलं की माऊस फडक्याने पुसून घ्यायच्या आणि बसायच्या. शेजारी एक वही. तिच्यात त्यांनी लिहिलेलं धाकल्या मालकांनी पुढे फार जपून ठेवलं. 'ब्रश: याला केस नाहीत. ओठात धरून टोक करता येत नाही. पण सुकत नाही आणि सांडत नाही.' 'रंग: लाखाने आहेत. एवढे माणसाला लागत नाहीत. आम्ही सात बाटल्यांवर जग काढलं.' 'ठसा: चांगल्या जागेचं कातडं उचलून वाईट जागेवर लावता येतं. जादू आहे. मी हे चाळीस वर्षं ठिपक्या ठिपक्याने केलं.' आणि खाली दोनदा अधोरेखित करून: 'केलेलं काम एक बटण दाबून न केलेलं करता येतं. हे आमच्याकडे नव्हतं. असतं तर थोरल्या मालकांची निम्मी बोलणी वाचली असती.'

पहिले दहा दिवस त्यांनी फळांच्या, भिंतीच्या, खिडकीतल्या मांजराच्या फोटोंवर हात चालवला. मांजराला एक कान कमी होता, तो लावून दिला.

त्या कॉम्प्युटरात बाईंच्या जिवाची अशी एकच गोष्ट होती. ती म्हणजे धाकटीचा फोटो.

धाकटी म्हणजे बाईंची बहीण, सहा वर्षांनी लहान; ती बाईंना ताई म्हणायची. जन्मली तीच डाव्या गालावर मोठा जांभळट डाग घेऊन. डोळ्याखाली रुंद, आणि तिथून निमुळता होत हनुवटीपर्यंत उतरलेला. थंडीत तो निळसर व्हायचा, ती चिडली की लालभडक. लहानपणी दोघी रस्त्याने निघाल्या की ताई कायम धाकटीच्या डाव्या हाताला चालायची, म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्यांना तो गाल दिसू नये. कोणी सांगितलं नव्हतं. ताईच्या अंगवळणीच पडलं होतं ते. वाहनं कुठूनही येवोत, ताई डावीकडे.

स्टुडिओ सुरू झाल्याच्या तारखेला थोरले मालक दरवर्षी नोकरांच्या घरच्यांचा फोटो फुकट काढायचे. "हलायचं नाही, हसायचं नाही," असा त्यांचा दम असायचा, आणि धाकटी खुर्चीत दगडासारखी बसायची. प्रिंट मागच्या खोलीत आली की ताई ती घरी न्यायच्या आधी समोर घ्यायची. पातीच्या टोकाने काळेपणा हलका हलका खरवडायचा, मग ब्रशने राखाडी ठिपके भरायचे. दरवर्षी तोच डाग, त्याच कडा. ते काम ताई डोळे मिटूनही करू शकली असती. निगेटिव्हला मात्र हात लावायचा नाही, हा थोरल्या मालकांचा कडक नियम होता. टचिंग प्रिंटवरच. बिघडलं तर बिघडलं, ड्रॉवरमधून निगेटिव्ह काढून दुसरी प्रिंट करू. या एका वाक्याच्या भरवशावर ताईने चाळीस वर्षं न घाबरता पाती चालवली.

पहिल्यांदा असा गुळगुळीत फोटो हातात पडला तेव्हा धाकटी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान आहे गं. पण हिला माझे कपडे कोणी दिले?"

ताई खूप हसली. तिला वाटलं, धाकटी खूश झाली.

पुढे धाकटी टपाल खात्यात लागली. ओळखपत्रासाठी तिने तोच फोटो दिला, आणि पहिल्याच दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं. फोटोतली बाई तुम्ही नाही, म्हणाला. तासभर ती बाहेर उभी होती. घरी येऊन तिने ओळखपत्र ताईसमोर आपटलं. "तू दरवेळी मला पुसून टाकतेस, ताई. एक तरी फोटो माझा असू दे ना." ताईला ते लागलं. आपण बहिणीसाठी एवढं मरमर करतो आणि ही उलट बोलते. दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या, आणि पुढच्या वर्षीचा फोटोही ताईने साफ केला. धाकटीने काउंटरवरची जागा स्वतःहून नाकारली आणि मागच्या खोलीत टपाल निवडायचं काम मागून घेतलं. त्याच खोलीत ती निवृत्त झाली.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा साठलेल्या निगेटिव्ह पोत्यांत भरून चांदी काढणाऱ्याला दिल्या. फिल्मवर चांदी असते, ती लोक काढून घेतात. पोती भरायला बाईच होत्या. धाकटीच्या निगेटिव्हचं पाकीट हाताला लागलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या होत्या. डाग असलेली धाकटी आता फक्त याच पाकिटात आहे, हे त्यांना समजत होतं. 'बरंच झालं,' असं मनाशी म्हणून त्यांनी ते पोत्यात टाकलं. त्यात त्यांचं वाईट मन नव्हतं. होती ती फक्त माया, आणि ती आंधळी होती.

आता तो फोटो. धाकटीच्या शेवटच्या वर्षातला. भाची, म्हणजे धाकटीची मुलगी, नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आली होती आणि दिसेल त्याचा फोटो काढत सुटली होती. कॅमेरा समोर आला की धाकटीचा हात आपोआप गालावर जायचा. त्या दिवशी तिघी मागच्या अंगणात होत्या. वरच्या मजल्यावर वाळत घातलेली कोणाची तरी ओली चादर सुटली आणि अशी नेमकी टचबाईंच्या डोक्यावर पडली की बाई संपूर्ण झाकल्या गेल्या. आत त्या हात मारत होत्या, "अगं, काढा मला कोणीतरी!" म्हणत होत्या, आणि बाहेर धाकटी जी हसत सुटली ती थांबेना. गालावर हात ठेवायचं ती विसरली. तेवढ्यात भाचीने फोटो काढला. बाई चादरीतून बाहेर आल्या तोवर धाकटी डोळे पुसत होती.

घरी येऊन तिघींनी तो फोटो कॉम्प्युटरवर पाहिला. पूर्ण चेहरा, पूर्ण डाग, आणि तोंड उघडं टाकून हसणारी धाकटी. धाकटीने तो परत परत पाहिला. "हा माझा," ती म्हणाली. मग ताईकडे तिरकं बघत मुलीला म्हणाली, "फक्त मावशीला ह्याला हात लावू देऊ नकोस गं." तिघी हसल्या.

धाकटी गेली. भाची नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा मावशीकडे ठेवून गेली. "फोटो त्यातच असू देत. माझ्याकडून काहीतरी वेडंवाकडं व्हायचं. तुला त्यातलं कळतं." आणि परवाच तिचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात आईला जाऊन वर्ष होईल, मी येते, तेव्हा तो फोटो मोठा करून चांगल्या फ्रेममध्ये लावू.

म्हणूनच बाईंनी तो उघडला. फ्रेममध्ये लावायचा तर रंग जरा पिवळट दिसत होता, तेवढा काढावा. आणि धाकल्या मालकांनाही एखाद्या चेहऱ्यावर प्रोग्राम कसा चालतो ते लिहून हवं होतं. पिवळेपणा दोन मिनिटांत गेला. बाई खूश झाल्या. मग आधीच्या फोटोवर वापरलेला ठसा तसाच माऊसला चिकटलेला होता, आणि समोर तो गाल होता.

त्यानंतरची दहा मिनिटं बाईंना पुढे कितीही आठवू गेलं तरी आठवली नाहीत. त्यांनी ठरवलं नव्हतं. उजव्या गालाचं चांगलं कातडं उचलायचं, डाव्यावर ठेवायचं; कडेकडेने, आतून बाहेर. चाळीस वर्षं हाताने जे केलं तेच हाताने केलं. काम झाल्यावर त्या नेहमीसारख्या मागे टेकल्या, मान तिरकी करून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "जमलं." स्वयंपाकघरात दूध उतू जायला आलं होतं. उठता उठता त्यांनी प्रोग्राम बंद करायला घेतला. त्याने विचारलं, जुन्याच्या जागी हे ठेवू का? बाईंनी 'हो' दाबलं. जुन्या प्रिंटच्या जागी नवी प्रिंट, त्यात विचारायचं काय? निगेटिव्ह आहेच की ड्रॉवरमध्ये.

सकाळी त्यांनी फोटो पुन्हा उघडला, आणि गुळगुळीत गालाची एक बाई त्यांच्याकडे बघून हसत होती. 'न केलेलं' करायचं बटण त्यांनी दाबलं. ते फिकट पडलेलं होतं, दबेना. पुन्हा पुन्हा दाबलं. मग त्यांनी एकेक करून कॉम्प्युटरातले सगळे कप्पे उघडले, जणू कुठल्या तरी कप्प्यात पाकीट असेलच. शेवटी दुकानात फोन लावला.

"धाकले मालक, यात निगेटिव्ह कुठे ठेवतात हो?"

"काय झालं, बाई?"

बाईंनी सांगितलं.

"बाई," धाकले मालक हळूच म्हणाले, "यात निगेटिव्ह नसते."

ते दुकान सोडून आले. दोन तास बसले, दुकानातून कसकसले प्रोग्राम आणले होते ते चालवून पाहिले. त्याच नावावर, त्याच जागेवर दुसरं बसलं होतं. भाचीला खरं कारण न सांगता तिच्या कॅमेऱ्याचं विचारून घेतलं. त्यातल्या कार्डावर नंतर शेकडो फोटो येऊन गेले होते. जाताना ते दारात घुटमळले. "परीक्षण राहू द्या, बाई." पण बाईंनी कबूल केलेलं काम कधी अर्धवट सोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं: 'डाग काढणे: दहापैकी दहा.' त्याच्या खाली त्या बराच वेळ पेन धरून बसल्या आणि पुढे काही लिहिलं नाही.

त्या दिवशी बाई पोटभर रडल्या. जगात धाकटीचा आता एकही फोटो नव्हता. होते ते सगळे त्या दुसरीचे, जिला कोणी तरी धाकटीचे कपडे दिले होते. आणि एकूण एक ताईच्या हातचे.

मग त्यांनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. डाग जर मी काढला तर मीच तो परत घालीन, त्यांनी ठरवलं. त्याच्या कडा त्यांच्या हाताला पाठ होत्या. चाळीस वर्षं पाती त्याच कडेने फिरली होती. कुठे तो आत वळतो, कुठे नाकाजवळ येऊन थांबतो, हनुवटीशी टोक कसं फाटतं, सगळं. नऊ दुपारी त्या बसल्या. लाखो रंगांतून त्यांनी जांभळा शोधला, त्यात थोडा मातकट घातला, कडा विरघळवल्या, कातडीची रोमरंध्रं एकेक करून दाखवली. यापेक्षा बारीक काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी मान तिरकी करून बघितलं. धाकटी परत आली होती. निदान त्यांना तसं वाटलं. भाचीला काही सांगायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

भाची शनिवारी सकाळी आली. बॅग कोपऱ्यात ठेवली, पाणीही न पिता म्हणाली, "मावशी, आधी आई दाखव."

बाईंनी फोटो उघडला आणि तिच्या मागे उभ्या राहिल्या. भाची हसली. मग पुढे झुकली. मग तिने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"काय गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. हा तोच आहे ना?"

"दुसरा कुठून येणार?"

"तसं नाही. आई हसायची ना, तेव्हा हा असा नसायचा." भाचीने स्वतःच्या गालावर बोट टेकवलं. "गाल वर गेला की डागही वर गोळा व्हायचा. डोळ्याखाली एक घडी पडायची, तिच्यात तो एकदम गडद दिसायचा. आणि खालचं हे टोक, ते तर पार नाहीसं व्हायचं. लहानपणी मी मुद्दाम तिला हसवायची आणि ते टोक कुठे जातं ते बघायची. ह्यात आई हसतेय आणि डाग गप्प बसलाय."

बाई पलंगावर बसल्या. त्यांच्या हाताला पाठ होता तो खुर्चीत दगडासारखी बसलेल्या धाकटीचा डाग. हलायचं नाही, हसायचं नाही. आणि घरी, रस्त्यात, अंगणात? साठ वर्षं धाकटी त्यांच्यासमोर हसली, आणि साठ वर्षं त्यांनी तिच्या मनाला लागू नये म्हणून त्या गालावरून नजर वळवली. डावीकडून चालणाऱ्या माणसाला जो गाल सगळ्यात जवळून दिसतो तोच त्यांनी कधी बघितला नव्हता. ज्या एका दिवशी ती गालावर हात न ठेवता हसली, त्या दिवशी त्या चादरीत होत्या.

त्यांनी भाचीला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

भाचीने स्क्रीनकडे बघतच सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिने सांगितलं होतं मला. मावशीला हात लावू देऊ नकोस म्हणून." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

खाली अंगणात कोणीतरी कपडे झटकत होतं. भाची उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, तोंड धुतलं आणि परत आली. तिने खुर्ची उचलून खिडकीपाशी उजेडात ठेवली आणि तिच्यात बसली.

"माझा गाल आईसारखाच आहे. सगळे म्हणतात. मी हसते. तू बघ कुठे काय होतं ते, आणि तसा काढ."

बाईंनी चष्मा पुसला. कॉम्प्युटरसमोर बसल्या, माऊस हातात घेतला आणि मान वळवून भाचीच्या डाव्या गालाकडे बघितलं. नजर हटू पाहत होती, ती त्यांनी हटू दिली नाही.

"हस," त्या म्हणाल्या.

भाचीने ओठ ताणले. गाल जरासा वर गेला, आणि हनुवटी थरथरायला लागली. तिने तोंड मिटलं, श्वास घेतला, पुन्हा ओठ ताणले.

"थांब हं, मावशी," ती म्हणाली. "आत्ता हसते."

बाई माऊस धरून थांबल्या.